आईच्या पर्सचे अस्तर आणि माझी इतर मालमत्ता

मी, कुंदा गुरुदत्त चौबळ, वय वर्षे एकाहत्तर, अविवाहित, धंदा चामड्याच्या जुन्या पर्स घरी दुरुस्त करणे, राहणार शुभदा सोसायटी, दुसरा मजला, कात्रप, बदलापूर पूर्व, हे मृत्युपत्र माझ्याच टेबलावर बसून, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवत आहे. दडपण आणायला घरात दुसरे कोणी असावे लागते, तशी सोय नाही. माझी बुद्धी शाबूत असल्याचा दाखला डॉ. राजसी प्रधान यांनी दिला असून तो सोबत जोडला आहे. त्यांनी मला आजचा वार विचारला आणि शंभरातून सात-सात वजा करायला लावले. त्या पासष्टला ‘पुरे’ म्हणाल्या, मी दोनपर्यंत गेले.

यापूर्वी मी एक मृत्युपत्र केले होते. ते रागाच्या भरात केले होते. या लेखाने ते रद्द करते.

कलम १. अंबरनाथच्या एका केमिकल कंपनीत मी बावीस वर्षे टायपिस्ट होते. त्या नोकरीवर घेतलेला हा वन रूम किचनचा फ्लॅट माझी धाकटी बहीण सौ. भावना शंकर गुप्ते, राहणार वांगणी, हिला मिळावा. त्यावर कोणतीही अट नाही. आधी मी अट घातली होती, की भावनाने या घरात आठ दिवस येऊन राहावे, मगच ताबा मिळावा. माझे वकील अवधूत भोईर यांनी ती वाचली आणि म्हणाले, “मावशी, अट टाकू आपण. पण मग त्या घरासाठी राहतील. तुमच्यासाठी राहिल्या का, ते त्यांनाही नाय कळणार.” पोरगा वकील असून शहाणा आहे. मी अट खोडली. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही त्यांनीच करावी.

कलम २. बँकेतली ठेव भावनाची मुलगी जिज्ञासा हिला द्यावी. ती दर वाढदिवसाला मला फोन करते, आईला न सांगता. ठेवीचे काय करावे हे मी तिला सांगणार नाही, कारण ती ऐकणार नाही. माझ्या साड्यांपैकी तिला हव्या त्या तिने घ्याव्यात. जांभळी घेऊ नये, ती मला कधीच शोभली नाही, तिलाही शोभणार नाही.

कलम ३. माझी हत्यारे, म्हणजे चामड्याला भोक पाडायच्या दोन आऱ्या, सुया, मेणदोऱ्याची रिळे, कातरी, ब्रश आणि संगमरवरी पाटा, बुधाजी यांना द्यावीत. बुधाजी अंबरनाथ स्टेशनबाहेर चपला शिवत पन्नास वर्षे बसले. आता उल्हासनगर कॅम्प ४ मध्ये मुलाकडे असतात. कंपनी बंद पडली तेव्हा मी त्यांच्याकडे साहेबांच्या बायकोची पर्स शिवायला घेऊन गेले आणि शिवताना बघत उभी राहिले. तिसऱ्या दिवशीही मी येऊन उभी राहिले तेव्हा ते म्हणाले, “बाई, बघून काय होतंय? बसा खाली.” मी फुटपाथवर गोणपाट टाकून सहा महिने बसले. चामडे डोळ्यांनी ओळखायचे नसते, बोटांनी ओळखायचे असते, हे मला त्यांनी शिकवले.

आमच्या एका काकांनी तेव्हा भर पंगतीत विचारले होते, “चौबळांच्या घरात आता चांभारकाम सुरू झालं का?” भावना तेवढी बोलली. ती म्हणाली, “काका, तुमच्या चपलेचा अंगठा ताईनेच शिवलाय, काढून ठेवा मग.” हे इथे नोंदवून ठेवते, कारण पुढे तिच्याबद्दल लिहायचे आहे आणि वाचणाऱ्याचा गैरसमज नको.

बुधाजी माझ्याहून नऊ वर्षांनी मोठे आहेत. ते माझ्या आधी गेले तर हत्यारे त्यांचा मुलगा कैलास याला द्यावीत. तो मोबाइल दुरुस्त करतो, पण सुई सुईच असते.

कलम ४. माझ्या कपाटात आज इतरांच्या नऊ पर्स आहेत. पावसाळ्यात बदलापुरात भिंतींना धरते तशी चामड्यालाही बुरशी धरते, म्हणून डोंबिवली-ठाण्यापर्यंतच्या बायका आपल्या जुन्या पर्स मे महिन्यात माझ्याकडे सोडतात आणि दसऱ्याला नेतात. त्या त्यांना विंटेज म्हणतात. जुन्या पर्सला हल्ली विंटेज म्हणतात, जुन्या बाईला अजून म्हातारीच म्हणतात. प्रत्येक पर्सला चिठ्ठी बांधली आहे, तिच्यावर नाव आणि फोन नंबर आहे. अवधूतने त्या परत कराव्यात.

परत करेपर्यंत त्यांना नुसते पुसून भागणार नाही. चामडे कपाटात पडून राहिले की घडीवर तडकते. त्याला हात लागावा लागतो, थोडे वजन लागते. म्हणून दर रविवारी मी एकेक पर्स उघडते, कोरड्या फडक्याने पुसते, आत किलोभर साखरेची पिशवी ठेवते आणि हातात अडकवून रस्त्याच्या टोकापर्यंत फिरवून आणते. एका फेरीला एक पर्स. पाऊस असला तर जिना, चार मजले वर आणि चार मजले खाली. कोपऱ्यावरची भाजीवाली मला एकदा म्हणाली, “काय मॅडम, दर टायमाला नवीन पर्स? पोरं फॉरेनला हायत काय?” मी हो म्हटले. दोन मुले, असेही म्हटले. त्यांची नावेसुद्धा ठरवून ठेवली होती. ती इथे लिहीत नाही, नाहीतर वारस म्हणून कोणी उभे राहायचे.

पितळी कडीच्या काळ्या पर्सची मालकीण चार वर्षे फोन उचलत नाही. तिची वर्षभर वाट पाहावी. मग जिच्या हाताला ती बरी वाटेल अशा कोणत्याही बाईला द्यावी. कपाटात ठेवू नये.

कलम ५. सोसायटीचे सेक्रेटरी श्री. उन्मेष पाटणकर यांनी दोन वर्षांपूर्वी मला नोटीस दिली होती, विषय ‘तेल व चामड्याचा उग्र वास आणि जिन्यातील अकारण फेऱ्या’. अकारण हा शब्द मला लागला. आता गंमत अशी, की मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात आणि ज्याला काही मिळणार आहे त्याने साक्षीदार होऊ नये, असे अवधूत म्हणतात. ज्यांना मी काही देत आहे ती माणसे आणि खुद्द अवधूत वगळल्यावर माझ्या ओळखीत डॉक्टर उरल्या आणि उन्मेष उरले. दुसरे कोणी सापडते का म्हणून मी तीन आठवडे विचार केला. एकाहत्तर वर्षांत जमवलेली माणसे मोजायला तीन आठवडे लागले नाहीत, ते मान्य करायला लागले.

मी उन्मेष यांना विचारले तेव्हा ते लगेच म्हणाले, “हो कुंदाताई, त्यात काय एवढं? केव्हा येऊ?” त्यांनी माझी पंचाईत केली, कारण मला राग तसाच ठेवायचा होता. तो मी ठेवते. साक्षीदाराने मजकूर वाचायचा नसतो, सही होताना फक्त बघायचे असते, म्हणून हे निर्धास्तपणे लिहीत आहे.

कलम ६. आता आईची पर्स.

आमची आई अंबरनाथला पालिकेच्या शाळेत शिक्षिका होती. मुख्याध्यापिका झाली तेव्हा तिने कॅम्प ४ मधून तपकिरी चामड्याची पर्स घेतली आणि मरेपर्यंत तीच वापरली. शेवटची चार वर्षे आई माझ्याकडे होती. तिला उठवणे, बसवणे, अंघोळ, सगळे मी केले. भावना रविवारी डबा घेऊन यायची. आई गेल्यावर ती म्हणाली, “ताई, मला काहीच नको. फक्त पर्स दे.” मी दिली. मलाही तीच हवी होती, हे मी बोलले नाही.

वांगणीला भावनाच्या घरामागे शेत आहे, ओल फार असते. तिसऱ्या पावसाळ्यात पर्सला बुरशी आली. ती घेऊन भावना आली आणि म्हणाली, “नुसती बुरशी काढ हां ताई. बाकी कशाला हात लावू नकोस.” मी बरे म्हटले. मग पर्स टेबलावर घेतली आणि मला थांबता आले नाही. अस्तर विटलेले होते, त्याच्या शिवणीत खडूची पूड होती, कोपऱ्यात शाईचा डाग होता, आत लवंगांचा वास होता. ते अस्तर मी उसवले आणि सकाळी घंटागाडीत टाकले. मुठीवर आईचा हात लागून लागून काळपट डाग पडला होता, तो उतरवला. कडा रंगवल्या, बक्कल उजळले, नवे रेशमी अस्तर लावले. इतके सफाईदार काम माझ्या हातून त्याआधी झाले नव्हते. भावनाच्या साठीला मी ती तिच्यापुढे ठेवली.

भावनाने पर्स उघडली आणि आत नाक घातले. मग म्हणाली, “ही कुणाची आहे?”

“आईची,” मी म्हटले.

“मग आई कुठे टाकलीस?”

पर्स टेबलावर ठेवून ती निघून गेली. त्याला सात वर्षे झाली.

मला कळले नव्हते, मी प्रेमाने केले, असे मी सगळ्यांना सांगत आले. मृत्युपत्रात खोटे लिहू नये. आईला मी सांभाळले आणि तिची वस्तू भावनाने नेली, हे मला खुपत होते. भावनाची पर्स मी माझ्या कामाने माझी करून घेतली. तेव्हा थोडेफार कळत होते.

मी दोनदा वांगणीला गेले. दुसऱ्यांदा शंकररावांनी दार उघडले आणि “ती झोपलीय,” म्हणाले. सकाळचे अकरा वाजले होते. आतल्या पडद्याखाली मला भावनाची पावले दिसत होती. ती हलली नाहीत. मी “बरं” म्हणून परतले. स्टेशनवर बसून मी रडले, तेही लिहून ठेवते.

त्यानंतर मी एक लबाडी करायचे ठरवले. पर्स पुन्हा जुनी करायची, आईची होती तशी. रेशमी अस्तर काढून साधे सुती लावले, शिवणीत खडू चोळला, शाईचा थेंब टाकला, लवंगा ठेवल्या. डाग मात्र लावून लागत नाही, तो हाताने पडावा लागतो. म्हणून रोज ती पर्स घेऊन बाहेर पडू लागले. दूध, बँक, औषधे, काहीच नसले तरी एक चक्कर. मुठीवर डाग पडला खरा. पण आई पर्स उजव्या हातात धरायची आणि मी डावखुरी. डाग दुसऱ्या बाजूला पडला. लवंगांचा वास महिन्याभरात उडाला आणि माझ्या मेणाचा आणि खोकल्याच्या गोळ्यांचा वास बसला. गेल्या दिवाळीत बुधाजींना दाखवली. त्यांनी मुठीवरून बोट फिरवले आणि म्हणाले, “बाई, ही तर तुमची पर्स झाली.” मी त्यांच्यावर चिडले. मग चहा घेतला.

ही पर्स मी भावनाला देते. अवधूतने इथे ‘सदर वस्तू सदर लाभार्थीस’ असे लिहून दिले होते, ते मी खोडले आहे.

भावना, ही मी आईची म्हणून देत नाही. ती मी घंटागाडीत टाकली आणि ती परत येणार नाही. माझे चुकले. हे पडद्यापलीकडे ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणायला हवे होते, त्या दिवशी जमले नाही. ही पर्स माझी आहे. आत नाक घालून बघ, मीच आहे. नको वाटली तर ठेवू नकोस. पण न्यायला तू ये, जिज्ञासाला पाठवू नकोस. ही अट नाही, मी विनवते आहे. किल्ली अवधूतकडे आहे. दार उघडायला मी नसेन, त्यामुळे तुला माझ्याशी बोलावे लागणार नाही.

वरचा मजकूर मी माझ्या हाताने लिहिला, पुन्हा वाचला आणि जिथे खोडले तिथे सही केली.

ठिकाण: कात्रप, बदलापूर पूर्व
दिनांक: १९ ऑगस्ट २०२५

सही: कुंदा गुरुदत्त चौबळ

कुंदा चौबळ यांनी आम्हा दोघांच्या देखत सही केली आणि आम्ही त्यांच्या देखत केली.

साक्षीदार:
१. डॉ. राजसी प्रधान, कात्रप
२. उन्मेष पाटणकर, शुभदा सोसायटी, पहिला मजला