'मध्यंतर' बंद करण्याबाबत

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारी, वय अडुसष्ट, विधवा, धंदा हॉटेल, राहणार हॉटेलच्या वरच्या दोन खोल्यांत, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. अक्षर हलले आहे ते येत्या गुरुवारच्या ऑपरेशनच्या धास्तीमुळे. डोक्याचा त्यात दोष नाही. हे लिहावे म्हणून माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. लिहू नये म्हणून मीच मला बरेच दिवस थोपवले.

अंमलबजावणी माझ्या वकीलबाईंनी करावी. त्यांनी बजावले आहे की मृत्युपत्रात कोणाला काय द्यायचे ते लिहावे, का द्यायचे ते लिहू नये. जमेल तिथे मी हे पाळले आहे.

१. घर. वरच्या दोन खोल्या माझ्या मालकीच्या आहेत. खालचे हॉटेल भाड्याच्या जागेत आहे. हा फरक माझ्या मुलीने नीट लक्षात ठेवावा. खोल्या तिच्या. आतल्या खोलीची एक भिंत भटारखान्याच्या धुराड्याला लागून आहे, म्हणून ती कायम कोमट असते. भटारखाना बंद झाल्यावर ती गार पडेल. ओल आली असे समजून कारागीर बोलावू नये. खोल्या विकल्या तरी माझी हरकत नाही. आईचे घर म्हणून ठेवू नयेत.

२. बँकेत जे असेल ते मुलीचे. त्यातले काहीही हॉटेलात घालू नये. बांगड्या नातीला. तिला त्या आवडत नाहीत हे मला माहीत आहे. मोडून तिला हवे ते घ्यावे.

३. मोठी शेगडी, पातेली, सुऱ्या आणि चाकाचे टेबल आमच्या आचाऱ्याला. त्याचे जे देणे ठरले आहे ते इतर कोणाच्याही आधी द्यावे. आमच्या हॉटेलाचे नाव आधी 'चविष्ट' होते, मग 'सावली', आणि शेजारचे चित्रपटगृह जोरात चालू लागले तेव्हा 'मध्यंतर'. यजमानांचे म्हणणे असे, की नाव बदलले की माणूस एकदा तरी डोकावतो. डोकावतो, हे खरे. आचारी दर वेळी म्हणे, "मालक, पाटी बदला हवी तितकी. मीठ मी तेवढंच घालणार." माझ्या पश्चात त्याला कोणी नव्या नावाखाली त्याच शेगडीपुढे उभे करू पाहील. त्याने जाऊ नये. त्याचे गुडघे गेले आहेत, आणि तो नाही म्हणायला लाजतो.

४. मागच्या बोळात चार पाट्या आहेत. दोन आमच्या आहेत, त्या भंगारात द्याव्यात. तिसरी पाण्याच्या टाकीवर झाकण म्हणून चालते, ती तिथेच राहू द्यावी. चौथी माझ्या दिरांची. यजमानांशी वाजल्यावर भावजींनी समोरच्या फुटपाथवर स्वतःचे हॉटेल काढले. त्याला नाव दिले 'मूळ मध्यंतर'. आम्ही बारा वर्षे एकमेकांकडे पाहिले नाही. रस्ता अरुंद असल्यामुळे हे सोपे नव्हते. पुढे त्यांचे बंद पडले, आणि पाटी ठेवायला जागा नाही म्हणून ते ती घेऊन माझ्याच दारात आले. "वहिनी, पाऊस लागतोय तिला," एवढेच म्हणाले. पाटी त्यांना परत द्यावी. देण्यापूर्वी 'मूळ' हा शब्द खरवडून काढावा.

५. हॉटेल. माझ्या मृत्यूनंतर 'मध्यंतर' बंद करावे. जागा जागामालकाला परत द्यावी. भाडेकरार माझ्या मुलीच्या नावावर करू नये.

इथे कारण लिहावे लागते. वकीलबाईंनी क्षमा करावी.

आमच्या रस्त्यावर पूर्वी तीन चित्रपटगृहे, एक नाचाचा हॉल आणि दोन्ही बाजूंना ओळीने हॉटेले होती. आता एका चित्रपटगृहाचा एक पडदा चालतो. बंद झालेल्या हॉटेलाला इथे कोणी बंद म्हणत नाही. 'नाव बदलतंय' म्हणतात. काचेला आतून कागद चिकटतात, नवा माणूस येतो, नवी पाटी चढते, काही दिवसांनी पुन्हा कागद. अलीकडे कागद काढायचीही तसदी कोणी घेत नाही.

रिकाम्या हॉटेलात गिऱ्हाईक शिरत नाही. म्हणून आम्ही शेजाऱ्यांनी एक रीत पाडली. संध्याकाळी दिवे लागले की एकमेकांच्या खिडकीतल्या टेबलावर जाऊन बसायचे. याला आम्ही खिडकी राखणे म्हणतो. नियम होते. घरचे वर्तमानपत्र आणायचे नाही. घड्याळ बघायचे नाही. एकाच दुकानातल्या दोघांनी एकत्र बसायचे नाही, कारण ते न बोलता बसतात आणि बाहेरून ते बरे दिसत नाही. समोर कपात गरम पाणी. चहा रस्त्यावरून दिसत नाही, वाफ दिसते.

एकेक हॉटेल गेले तसे राखणारे कमी झाले. आता शिंपी, तिकीट विकणाऱ्या बाई, भावजी आणि मी, एवढेच उरलो. उरलेल्या सगळ्या खिडक्यांत आम्हीच. एकदा खऱ्या गिऱ्हाइकाने शिंप्यांना विचारले, "तुम्ही मघाशी पलीकडे जेवत होतात ना?" शिंपी म्हणाले, "तिथं भूक लागली. जेवायला इथं आलो."

माझी मुलगी दुसऱ्या शहरात पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात नोकरी करते. नोकरी कायम आहे. जावयांचे काम असते तेव्हा असते. घर तिच्यावर चालते, नातीचे शिक्षणही. यजमान गेल्यापासून ती दर फोनला विचारायची, "आई, गिऱ्हाईक आहे का गं?" आणि मी आहे म्हटले तरी पुन्हा विचारायची. विश्वास बसत नसे. मग ती भेटायला यायला लागली, नेहमी शनिवारी संध्याकाळी. हे शेजाऱ्यांना कळले. भावजी म्हणाले, "लेक येतेय ना? मग नुसती खिडकी कशाला, आतली टेबलंही धरू." शिंप्यांनी त्यांची सासुरवाडी आणून बसवली. तिकीटवाल्या बाईंनी संध्याकाळचा खेळ सुटल्यावर घरी निघालेल्या दोघा-तिघांना हाताला धरून आणले. कोणी मला विचारले नाही. मुलीने दारात उभे राहून सगळीकडे पाहिले, आणि त्या रात्री ती माझ्याकडे गाढ झोपली. पुढच्या वेळी त्यांनी पुन्हा तेच केले. मीही करू दिले.

गेल्या महिन्यात तिने राजीनामा दिला. देऊन झाल्यावर फोन केला. "एवढा धंदा चालतोय आणि तू एकटी राबतेस. आता ऑपरेशन. मी येते, आई. मी बघते सगळं." मी म्हणाले, घाई करू नकोस. ती म्हणाली, "तू नेहमी हेच म्हणतेस."

राजीनामा मागे घेण्याची मुदत येत्या बुधवारपर्यंत आहे. हे मी तिच्या कार्यालयात फोन करून विचारून घेतले. कोण बोलतेय, असे तिथल्या माणसाने विचारले तेव्हा फोन ठेवला.

म्हणून लिहून ठेवते. खिडकीतली माणसे गिऱ्हाईक नव्हती. आतली माणसेही नव्हती. मी ऑपरेशनच्या टेबलावर दगावले तर माझ्या मुलीला हे हॉटेल वारशाने मिळेल आणि प्रेमाने ती ते चालवेल, आणि मग ती, जावई आणि नात तिघेही या रस्त्यावर कागद चिकटवत बसतील. मला ऑपरेशनची भीती आहे. याची जास्त आहे.

६. नाव. मुलीने हॉटेलाला माझे नाव द्यायचे ठरवले आहे. पाटी करायला टाकली असेही ती म्हणाली. ती पाटी घेऊ नये. या रस्त्याने चढवलेले प्रत्येक नाव उतरवले आहे. माझे नाव शिडीवर चढून कोणीतरी उतरवतो आहे आणि खाली उभा असलेला त्याला "जरा डावीकडून उचल" सांगतो आहे, हे मला दोनदा स्वप्नात दिसले. नाव माझे आहे, ते माझ्याबरोबर जाऊ द्यावे.

७. व्यापारी संघटनेच्या अध्यक्षांना काही नाही. त्यांनी रस्त्याचे नाव दोन वेळा बदलून घेतले, आणि आता तिसरे सुचवले आहे. सगळ्यांनी एकाच रंगाच्या पाट्या लावाव्यात असे त्यांचे पत्र आले आहे. त्यांचे स्वतःचे दुकान दुसऱ्या रस्त्यावर आहे. माझ्या शोकसभेत त्यांना बोलायला देऊ नये. देणे भागच पडले तर माइक लावू नये.

८. भावजींना पाटीशिवाय यजमानांची आरामखुर्ची. तिच्यावरूनच दोघांत पहिले भांडण झाले होते.

वरील मजकूर पुरा करून आज, सोमवारी संध्याकाळी, सह्यांसाठी सगळ्यांना खाली हॉटेलात बोलावले. पुढचे त्यानंतर लिहिले आहे. वकीलबाई म्हणाल्या, जोडायचे तर सहीच्या वर जोडा.

उजेड बरा असतो म्हणून आम्ही खिडकीतल्या टेबलाशी बसलो. वकीलबाई, शिंपी, तिकीटवाल्या बाई आणि मी. आचाऱ्याने चहा दिला. भावजी उभे होते. त्यांना काही ठेवले असल्यामुळे साक्षीदार होता येत नाही, असे वकीलबाईंनी सांगितले होते. ते त्यांना लागले होते. "म्हणजे खुर्ची घेतली तर माझा शब्द गेला," ते म्हणाले. "उभ्यानं तरी चहा मिळेल ना?"

तेवढ्यात मुलीचा फोन आला. ती उद्या यायची होती.

"आई, मी समोरच उभी आहे. आत्ताच पोचले. सोमवार असून खिडकी भरलीये की. मी मागच्या दारानं येते, टेबल अडवत नाही."

मी म्हणाले, "पुढच्या दारानं ये."

ती बॅग घेऊन आत आली. दुसऱ्या हातात पाटीसाठी आणलेली मोजपट्टी होती. तिने शिंप्यांना ओळखले. "बसा काका, बसा. जेवण झालं का? आज काय घेतलंत?" शिंपी माझ्याकडे बघायला लागले. त्यांनी माझ्याकडे आजवर काही घेतलेले नाही.

भावजी म्हणाले, "वहिनी, तुम्ही सांगता की मी सांगू? मी सांगितलं तर दोन शिव्या जास्त पडतील."

मी कलम पाच वाचून दाखवले. वाचताना आवाज बरा निघाला. ती उभ्यानेच ऐकत होती. संपल्यावर तिने विचारले, "ते वाढदिवसाचं कुटुंब? मेणबत्त्या लावल्या होत्या ते?"

"माझा मेव्हणा," शिंपी म्हणाले. "वाढदिवस खरा होता. पुढच्या महिन्यातला."

तिने शिंप्यांचा कप उचलून वास घेतला. "हा चहा आहे."

"आज आहे," शिंपी म्हणाले.

तिकीटवाल्या बाई म्हणाल्या, "आमचं चुकलं गं पोरी. तुला बरं वाटावं म्हणून केलं."

"बरं वाटलं होतं, मावशी," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "मला आधी का नाही सांगितलंस?"

मी म्हणाले, "तू काळजी करायचं सोडलं होतंस."

"आणि तू?"

मी कागद वकीलबाईंपुढे सरकवला. त्या असताना मी उगाच काही बोलत नाही.

मग मुलगी म्हणाली, जागामालकाचा तिला दोनदा फोन आला आहे. करार तिच्या नावावर करायला तो तयार आहे, भाडेही थोडे उतरवतो म्हणतो. मी वकीलबाईंकडे पाहिले. त्या म्हणाल्या, तसे झाले तर कलम पाच तिला अडवू शकत नाही. ती सज्ञान आहे. मृत्युपत्राने माणसाच्या वस्तू वाटता येतात, पुढे कोणी काय करावे हे ठरवता येत नाही.

मुलगी बॅग घेऊन वर गेली. मोजपट्टी टेबलावर राहिली आहे. ती तिची तिने न्यावी, मी पाठवणार नाही. वर तिच्या चालण्याचा आवाज येतो आहे. ती कोणाशी तरी फोनवर बोलते आहे, जावयांशी की कार्यालयाशी, ते इथून कळत नाही. भावजी म्हणतात, कार्यालय या वेळी बंद असते.

कलम पाच ठेवायचे का, असे वकीलबाईंनी विचारले. ठेवा म्हटले. माझी इच्छा काय आहे एवढे तरी कागदावर राहील.

तिचे उत्तर या मृत्युपत्रात लिहिण्याइतके अजून पक्के झालेले नाही. मुदत बुधवारी संपते. ऑपरेशन गुरुवारी आहे. तारखा मी ठरवल्या नव्हत्या, पण क्रम बरा लागला. उत्तर काहीही असले तरी ते ऐकूनच मी आत जाईन.

वरील सर्व वाचले, समजले, आणि समजूनच सही करत आहे.

सही : (मृत्युपत्र करणारी)

आमच्या डोळ्यांसमोर तिने सही केली, आणि तिच्या डोळ्यांसमोर आम्ही करतो. यात आम्हाला काहीही मिळालेले नाही.

साक्षीदार पहिला : शिंपी, चित्रपटगृहाशेजारी. सही.

साक्षीदार दुसरी : तिकीट विक्री, चालू असलेला पडदा. सही.

ठिकाण : हॉटेल 'मध्यंतर', तळमजला.

दिनांक : वकीलबाईंच्या शिक्क्यात आहे तो, सोमवार.