बिनखुणेचं कोकरू

मी, सृष्टी आण्णा लवटे, वय पंधरा, गाव सांगोला तालुक्यात, सध्या मुक्काम जगदेवी आत्याचं घर, जुळे सोलापूर, पूर्ण शुद्धीत हा कागद लिहून ठेवते. मला कुणी दमदाटी केलेली नाही. उलट काल मीच वडिलांवर ओरडले. त्याचं वाईट वाटतं, पण शब्द मागे घेत नाही.

आत्या म्हणते, अठरा पूर्ण नसताना मृत्युपत्र चालत नाही. न चालू दे. काल दवाखान्याच्या पिशवीत आण्णांचं, म्हणजे वडिलांचं, मृत्युपत्र सापडलं. त्यांच्या दोन्ही किडन्या गेल्यात, डायलिसिसवर आहेत; त्यासाठीच आम्ही आत्याकडे राहतोय. आता म्हणतात, "लई झालं. मी न्हाय जात त्या मशीनवर. घरी न्या मला." घरी नेलं तर आठ-दहा दिवस, असं डॉक्टरांनी मला समोर बसवून सांगितलं.

कलम १. माझी सायकल थोरला भाऊ मल्हार याला. त्याने माझी चित्रकलेची वही चुलीत घातली होती. ते माफ केलेलं नाही.

कलम २. दहावीची पुस्तकं आईला, म्हाळसाबाईला. तिने ती रद्दीत घालावीत. आण्णांच्या कागदात 'सृष्टीला शिकवावे' एवढंच आहे. कुणी शिकवावे? नाव लिहायला हात उचलला नाही का?

कलम ३. त्याच कागदात 'सर्व मेंढरे मल्हारला' असं आहे. हे साफ चूक आहे. आमच्या घरात लेकरू जन्मलं की त्याच्या नावाची एक मेंढी काढतात. तिच्या वंशातल्या प्रत्येक कोकराच्या कानाला त्या लेकराची खूण करतात. माझी खूण डाव्या कानाला दोन खाचा. ती बापानेच करायची. आषाढात माझ्या खुणेच्या एका मेंढीला कोकरू झालं, तेव्हा आण्णा म्हणाले, "मल्हार, तू कर की. माझा हात थरथरतोय." मल्हारने सुरी घेतली आणि मी कोकरू उचलून पळाले. सगळे हसले. मी ओढ्यात बसून रडले, कारण आण्णा जाणार हे मला तेव्हाच कळलं होतं. आजवर कुणाला बोलले नाही.

कलम ४. ते कोकरू मी कुणालाच देत नाही. त्याचा कान तसाच आहे. मल्हारने त्या कानाला सुरी लावली तर याद राखावं.

कलम ५. या कागदाची अंमलबजावणी आण्णांनी करायची. त्यासाठी त्यांना माझ्यामागे जगावं लागेल. तेवढं नाही जमलं, तर निदान परवाच्या सोमवारी मशीनवर जावं, मग गुरुवारी, मग बघू. आण्णा, तुम्ही बरे होणार नाही हे मला माहीत आहे. मला फसवू नका, मीही नाही फसवत. मला भीती वाटते, लई भीती वाटते. मल्हार गावाकडून ते कोकरू घेऊन येईल. सुरी मी धरते. तुम्ही माझ्या हातावर नुसता हात ठेवा.

साक्षीदार पहिली: जगदेवी आत्या (सही केली, रडत केली).
आईला वाचून दाखवलं. ती उठून बाहेर गेली.
साक्षीदार दुसरे: आण्णा लवटे ....................
(जागा मोकळी ठेवली आहे. पेन तुमच्या उशाखाली आहे.)

सोलापूर, शनिवार, १३ सप्टेंबर २०२५
सृष्टी