पंचा वीतभर मागं

५ नोव्हेंबर

आजही पहिले माती उडली, मंग बॉल. बॉल तरी काय उडला, बेडकासारखी उडी मारून बसला. "ऊन डोळ्यात आलं," हे म्हणाले. ऊन पाठीमागं होतं.

मोबाइलच्या माइकवर बोट ठेवून बोलून राहिली. मले अक्षर येत नाही. नात गुंजन रायपूरले जाताना शिकवून गेली — आजी, तू बोल, हा लिहीन. काय लिहिते ते त्यालेच माहीत. निदान मधात बोलत नाही.

तर ह्यांचा दोष असा. काठी बॉलले लागायच्या आधी जमिनीले लागते. जन्मभर प्लांटात साहेबगिरी केली, रिटायर झाल्यावर गोल्फ लागला. मंग मलेही शिकवलं, क्वार्टरामागच्या मैदानात. आता क्लबातल्या कोचनं उपाय सांगितला: बॉलच्या वीतभर मागं पंचा अंथरायचा. पंच्याले न लागता काठी बॉलवर आली पाहिजे. पंचा अंथरायचं काम माझं. आज पंचा बॉलपेक्षा लांब गेला.

पुढच्या महिन्यात क्लबात जोडीची मॅच. एक बाई, एक माणूस. "औंदा आम्ही दोघं खेळू," दिवाळीले सर्वांसमोर म्हणाले हे. फराळाचं ताट हातात होतं माझ्या, खाली ठेवायचं विसरली.

९ नोव्हेंबर

दुसरा उपाय. पोत्यात जुन्या गोधड्या कोंबल्या, तोंड शिवलं. त्यावर काठी मारायची अन् तिथंच थांबायचं. थांबल्यावर हात काठीच्या पुढे पाहिजे. ह्यांचे हात मागं, मनगट उलटं, जसं पळीनं वरण वाढून राहिले.

"कोणाच्या पानात वाढता जी?" म्हटलं. हसले नाहीत.

मंग म्हणाले, तू मार. मी मारलं. पोतं धप्पकन दबलं, हात पुढे होते. हे पाहतच राहिले. "चांगलं आहे." एवढं तर माझ्या पुरणपोळीलेही कधी म्हटलं नाही.

१३ नोव्हेंबर

सुपेल्याच्या बाजारातून खेळायचे पांढरे जोडे आणले, माझ्यासाठी. कपाटात, साड्यांच्या मागं. मॅचच्या दिवशीच काढीन.

१८ नोव्हेंबर

पावर हाउसच्या बाजारात भाजी घेताना शैला भेटली. मागच्या लाइनीतली, शाळेतून रिटायर झालेली. "वहिनी, गुडघा कसा आहे? भाऊजी म्हणाले तुम्ही खेळत नाही. म्हणून मले घेतलं जोडीत."

गुडघा! माझा गुडघा ठणठणीत आहे.

"दुखते वं थोडा," मी म्हटलं. कावून म्हटलं कोण जाणे. खोटं ह्यांचं, झाकून मी राहिली.

मेथी तिथंच विसरली. रात्री जेवताना हे विचारतात, "मेथी नाही आणली?" आणखी काही विचारायचं नव्हतं ह्यांले.

१९ नोव्हेंबर

पंचा घेऊन गेली. आज वीतभर नाही, हातभर मागं टाकला. काठी मधातल्या मातीत घुसत राहिली, पंचा मात्र जागेवर.

"पाह्य अंजना, गेला दोष!"

"गेला जी," म्हटलं.

माती केवढी उडून राहिली होती. तिकडं ह्यांनी पाहिलंच नाही.

२४ नोव्हेंबर

रोज हातभर. रोज "गेला दोष". गोधड्यांच्या पोत्याकडं दोघंही जात नाही.

७ डिसेंबर

मॅच झाली. मी चप्पल घालून पाहायले गेली. पहिल्याच फटक्याले मातीचं ढेकूळ बॉलच्या पुढे गेलं. लोक हसले. वाटलं होतं, मले गोड लागेल. नाही लागलं.

आमच्या क्लबात जोडीदारानंच जोडीदाराचे फटके कार्डावर लिहायचे, शेवटी सही करायची. शैला दर वेळी पर्समधून पेन काढे. ती पेन काढे अन् हे माझ्याकडं चोरून पाहत. तवा समजलं.

घरी आल्यावर विचारलं, "ह्या कार्डासाठी?"

मान खाली. "सर्वांसमोर तुझ्या हातात पेन दिला असता. मंग?"

"मंग काय? आकडे येतात मले. पोरीले फोन कोण लावते? गॅसचा नंबर कोण सांगते? एवढ्या वर्षांत पाहिलं नाही तुम्ही?"

"अन् सही?"

"अंगठा आहे ना. बँकेले चालते, तुमच्या क्लबाले नाही चालत?"

माझ्यासाठीच खोटं बोलले म्हणे. शैलासोबत बोलले, कोचसोबत बोलले. माझ्यासोबत तेवढं बोलायचं राहिलं.

८ डिसेंबर

आज गेली नाही मी मैदानात. खिडकीतून पाहत होती. हे एकटेच आले, पंचा अंथरला. वीतभर. बरोबर वीतभर.

बाहेर जाऊन म्हटलं, "मी हातभर मागं टाकत होती, ते माहीत होतं तर?"

"पहिल्या दिवसापासून."

"मंग बोलले कावून नाही?"

पंच्याची घडी सरळ करत बसले. "तू येऊन तर राहिली होती रोज."

जोडे कपाटातून काढले. घातले नाहीत. दारात ठेवले, ह्यांच्या नजरेले पडतील असे.