दीड पानाशेजारचं प्रश्नचिन्ह

सर, तुमच्या घरावरचा अँटेना मी त्या दिवशी नीट बसवलाच नव्हता. तुम्हाला जाऊन आठ वर्षं झाली, पण आधी तेवढं सांगून टाकतो. बारामतीच्या टीव्ही दुरुस्तीच्या दुकानातून मला भवानीनगरला पाठवलं होतं. दहावीचं गणित राहिलेलं, एका जागी बूड टिकत नव्हतं, चार महिने झाले की नवं काम. मी पत्र्यावरून "आलं का? आता आलं का?" म्हणून ओरडतोय आणि खालून तुमचा आवाजच नाही. उतरून बघतो तर स्वयंपाकघरात स्टोव्हवर पिठलं करपतंय आणि शेजारी तुम्ही एका जाडजूड पुस्तकात बुडालेले. मी स्टोव्ह बंद केला आणि पुस्तकात डोकावलो. पानाच्या वर चारच ओळी, आणि खाली मुंग्यांच्या रांगा लागाव्यात तशी बारीक अक्षरं.

तुम्ही तरुणपणी पाद्री व्हायला गेला होतात, झाला नाहीत, इंग्रजीचे मास्तर झालात. येताना तेवढी लॅटिन भाषा आणि हे पुस्तक बरोबर आणलंत. तुम्ही म्हणालात, "वरच्या ओळी रोमच्या कवीच्या. समुद्र, वादळ, नवं गाव वसवायला निघालेली माणसं. आणि खालचं सगळं चारशे वर्षांनी झालेल्या एका शाळामास्तराचं. पोरांना अर्थ सांगायचा तो."

"चार ओळींना एवढं? मास्तर लई बडबड्या दिसतोय."

"आहेच. पण इथं बघ. वादळातून वाचलेल्या माणसांना म्होरक्या धीर देतो. मास्तर म्हणतो, हा सगळा भाग आधीच्या एका कवीकडून घेतलाय."

"म्हंजी चोरी!"

"चोरी म्हण, वारसा म्हण. पण गड्या, त्या आधीच्या कवीचं अख्खं गाणं हरवलं. आज कुठंच नाही. तुकडे तेवढे राहिलेत, तेसुद्धा असल्या बडबड्या मास्तरांनी टिपून ठेवले म्हणून."

"आन् मास्तराला ठावं नसलं तर?"

"मग ठोकून देतो. मास्तरच तो!"

करपलेलं पिठलं खाता खाता मी बोलून गेलो, आमचे आजोबा, आबा, कळंबला असंच करतात. देवाच्या धनगरी ओव्या म्हणतात, मग ढोल थांबवून अर्थ सांगतात, मधेच "माजा आज्जा हितं येगळं म्हणायचा" असंही सांगतात. तुमचा घास हातातच राहिला. दुकानातून मालक माझ्या नावानं शंख करत असणार, आणि तुम्ही मला एक कोरी लांब वही देऊन म्हणताय, "रविवारी जा. उतरवून आण."

तीन रविवार मी देवळासमोर बसलो. दुपारची वेळ, समोर आबा, मागं सूर धरणारे त्यांचे गडी. ओवी धावती, ढोल जोरात, हात पुरेना. म्हटलं, गाणं काय, सगळ्यांना पाठ हाय; सांगणं तेवढं लिहू. वही भरून तुमच्याकडे आणली. तुम्ही दोन दिवस वाचलीत, समासात पेन्सिलीनं खुणा केल्यात, आणि वही माझ्यापुढं टाकलीत. "अरे, जेवण सोडून नुसती पत्रावळ आणलीस! गाणं कुठंय?" तुम्ही एवढे चिडलेले मी कधी बघितले नव्हते. मग आवाज उतरवून म्हणालात, "पुढच्या रविवारी परत जा." मी "व्हय" म्हणालो. आणि मोरगावच्या स्टँडवर एक दोस्त कांद्याचा ट्रक घेऊन भेटला, त्याच्याबरोबर गेलो. आठ महिने. परत आलो तर तुमच्या दारात दुसऱ्याच कुणाची सायकल होती. आबांना त्याच साली अर्धांगाचा झटका येऊन त्यांची वाचा गेली होती, मग तेही गेले.

आता ऐका. या दसऱ्याला माझ्या चुलतभावाला देवळासमोर पुन्हा ओव्या उभ्या करायच्यात. साखर कारखान्यात नोकरी करतो, पण ढोल त्यानं सोडला नाही. वारुळातून मेंढरं निघाली ती मोठी ओवी मात्र कुणालाच सलग येत नाही. जुने गडी राहिले नाहीत. "तुज्या वहीत आसंल की," म्हणाला. मला तोंड वर करता येईना. वहीत होती ती नुसती पत्रावळ.

तरी चुलतीच्या चुलीपाशी बसून मी भावाला वही वाचून दाखवायला लागलो. चुलती भाकरी थापत होती. दुसऱ्याच पानावर तिचा हात थांबला. "मामंजी हितं थेट आसं न्हवते म्हणत," म्हणाली आणि तिथल्या ओळी गाऊन मोकळी झाली. आम्ही दोघं तिच्या तोंडाकडं बघतोय. "बघताय काय? चाळीस वर्सं भिंतीआडून ऐकलंय. तुमी कदी इचारलंत का?" मी सांगणं वाचायचं, तिनं त्यातली ओवी काढायची, भावानं टेप चालू ठेवायचा. आबांनी आज्ज्याच्या म्हणून सांगितलेल्या ओळी तर वहीत जशाच्या तशा होत्या. पाच दिवसांत ओवी उभी राहिली, सर. भाऊ सायकलवरून कामाला जाताना म्हणत जातो.

वहीत मध्येच दीड पान आहे, त्याच्या समासात तुमचं पेन्सिलीचं प्रश्नचिन्ह. मी वाचलं: सगळ्यात शेवटी एक लंगडं कोकरू निघतं, आणि कळप पुढं गेला तरी देव त्याच्यासाठी थांबतो. चुलतीनं तव्यावरची भाकरी उलटली, मग डोळे मिटून म्हणाली,

मागं राह्यलं कोकरू, देव बघतो वळून
घेतो घोंगडीत त्याला, आईवाणी कवळून

"हां, आसंच हाय ते," म्हणाली. भावानं टेप मागं घेऊन तीनदा ऐकलं. त्याला आता सगळ्या ओवीत तीच जागा आवडते.

सर, वही भरत होतो तेव्हा एका दुपारी देवळामागं एडक्यांची टक्कर लागली होती. मी वही टाकून तिकडं पळालो. आलो तेव्हा आबा पुढं गेले होते, मग ते दीड पान मी मनानंच ठोकून दिलं. चुलतीला त्या दोन ओळी कुठून आठवल्या, मला माहीत नाही. विचारायचा धीर नाही, आणि भावाला सांगायचाही नाही. तुम्हाला मात्र तेव्हाच कळलं होतं.

हे पत्र कुठं टाकणार? त्या पानाला टाचणीनं लावून ठेवतो, तुमच्या प्रश्नचिन्हाशेजारी.