उलट्या बसलेल्या शिल्पाबद्दल आणि बाकीच्या मालमत्तेबद्दल

मी, खाली सही करणारा, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा लोखंडकाम, हे मृत्युपत्र माझ्या कारखान्याच्या ऑफिसात बसून, पूर्ण शुद्धीत आणि राजीखुशीने सांगत आहे, आणि माझी मुलगी ते टाइप करत आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. त्यात गुडघ्यांचा उल्लेख नाही. ते गेले आहेत. कान मात्र शाबूत आहेत. यापूर्वी केलेले मृत्युपत्र रद्द समजावे, कारण ते मी जावयावर रागावलेलो असताना केले होते.

१. राहते घर, आतल्या सगळ्या सामानासह, माझ्या पत्नीचे. खरे तर ते आधीपासूनच तिचे आहे. मी तिथे फक्त जेवायला आणि झोपायला येतो, हे तिचेच वाक्य. बँकेतल्या ठेवीही तिच्याच. त्या तिने कोणाच्या सल्ल्याने गुंतवू नयेत, विशेषतः तिच्या भावाच्या.

२. जावयाला माझी गाडी. "म्हाताऱ्याची गाडी भंगारवालासुद्धा घेणार नाही," असे तो मागच्या वर्षी आमच्या जिन्यात कोणाला तरी फोनवर सांगत होता. जिना लोखंडी आहे आणि मीच बनवला आहे. त्यावर बोललेले सगळे वर ऐकू येते. (मुलगी म्हणते, हे काढा. राहू दे.) माणूस चांगला आहे. माझ्या ऑपरेशनच्या वेळी अकरा दिवस त्याने दवाखान्यातल्या बाकावर काढले, तेही मला माहीत आहे.

३. काटकोन तपासायचा गुण्या, ओळंबा आणि मोजमापाचे बाकी सामान आमच्या थोरल्या फिटरला. दुसऱ्या कोणाला दिले तर तो ते घरचे पडदे लावायला वापरील.

४. कारखान्यामागच्या इमारतीत राहणाऱ्या प्राध्यापकांनी तीस वर्षे आमच्या आवाजाविरुद्ध अर्ज केले. त्यांच्या प्रती मी जपून ठेवल्या आहेत. भाषा फार सुंदर आहे. ती फाइल त्यांना द्यावी. त्यांनी पुस्तक काढावे.

५. कारखान्याचे दोन सारखे वाटे करावेत. एक मुलीला. गेली बारा वर्षे तीच तो चालवते आणि गिऱ्हाइकांना सांगते की बाबा चालवतात. दुसरा वाटा माझ्या धाकट्या भावाला. त्याच्याशी मी सव्वीस वर्षे बोललेलो नाही.

इथे मुलीने टाइप करणे थांबवले. म्हणाली, "काकांना अर्धा द्या, माझी काही हरकत नाही. पण का देताय ते लिहा." म्हणून पुढचे कलम.

६. सव्वीस वर्षांपूर्वी या शहरात पोलादी शिल्पांचे प्रदर्शन भरले. दालनात नव्हे, उघड्यावर: चौकांत, स्टेशनसमोर, नदीकाठी, दवाखान्याच्या बागेत. नऊ शिल्पे, सगळ्यांत लहान होते तेही दोन मजली, मुक्काम सहा महिने. शिल्पकारबाई पुठ्ठ्याचे नमुने घेऊन आमच्याकडे आल्या, तेव्हा आम्ही पाण्याच्या टाक्या आणि जिने बनवत होतो. मी नमुना फिरवून विचारले, "बाई, यात पाणी कुठून भरायचं?" त्या हसल्या, आणि काम आम्हाला मिळाले. हात धाकट्याचा, तोंड माझे, असा आमचा धंदा होता.

वाचनालयासमोरचे शिल्प चार टनांचे. एका बाजूने सपाट पाठ, दुसऱ्या बाजूने खोल पोकळी, जणू कोणी ओंजळ उभी धरली आहे. पोकळीचे तोंड वाचनालयाच्या पायऱ्यांकडे हवे होते. खालच्या काँक्रीटमध्ये बोल्ट पक्के करायचे, ते अशा रीतीने की शिल्प एकाच दिशेने बसेल. त्यासाठी भोके पाडलेला पत्रा केला होता, आणि तोंड कोणत्या बाजूला ते कळावे म्हणून त्यावर एक बाण ठोकायचा होता. तो मी ठोकला. नेमका तेव्हा वर्तमानपत्राचा फोटोवाला आला होता. मी हातोडा उगारून कॅमेऱ्याकडे बघत होतो. बाण उलट्या टोकाला गेला. धाकट्याने बाण पाहून बोल्ट बसवले.

बसवायच्या दिवशी रस्ता सकाळी आठपर्यंतच बंद होता. क्रेनने शिल्प उतरवले आणि ते चपखल बसले: पाठ वाचनालयाला, तोंड समोरच्या बसथांब्याकडे. अधिकारी, बाई, पन्नासेक बघे, सगळे समोर.

"हे कोणी केलं?" मी ओरडलो.

धाकटा म्हणाला, "दादा, बाण तुझ्या हातचा आहे."

"बाण बरोबर होता. तुला साधा बाण वाचता येत नाही?"

त्याने हातमोजे काढले, क्रेनवाल्याच्या हातात दिले आणि तो निघून गेला. दुपारी कारखान्यात येऊन मी पत्रा पाहिला. तेव्हापासून मला माहीत आहे.

बाईंनी शिल्पाला दोन फेऱ्या घातल्या आणि म्हणाल्या, "राहू दे. बघू काय होतं ते." झाले असे की बसची वाट बघणारे लोक त्या ओंजळीत उभे राहू लागले, वारा नाही, ऊन नाही. सहा महिन्यांनी आठ शिल्पे परत गेली. हे नेऊ नका म्हणून लोकांनी सह्यांचा अर्ज केला. विद्येकडे पाठ आणि माणसांकडे तोंड, हा बाईंचा निर्णय धाडसी आहे, असे एका समीक्षकाने लिहिले. बाई गप्प. मीही गप्प.

धाकट्याने शहराच्या दुसऱ्या टोकाला छोटे दुकान टाकले आणि खिडक्यांच्या जाळ्या बनवू लागला. धंद्यात त्याचे नाव पडले 'उलट्या'. "उलट्याला काम? नको रे बाबा," हे मी पत्र्याच्या वखारीत ऐकले, चहाच्या टपरीवर ऐकले, एका लग्नात माझ्याच पंगतीत ऐकले. माझे कान चांगले आहेत असे मी वर लिहिले आहे. एकदाही मी तोंड उघडले नाही. माझ्यापेक्षा सरस वेल्डिंग करणारा माणूस माझ्यामुळे सव्वीस वर्षे जाळ्या जोडत बसला.

७. आता तो रस्ता रुंद होतो आहे. शिल्प आणि बसथांबा, दोन्ही चौकापलीकडे जाणार आणि शिल्प हलवायचे काम आमच्याकडे आले आहे. पालिकेची इंजिनिअर, माझ्या नातीएवढी मुलगी, विचारत होती, "आजोबा, याचं तोंड कुठे ठेवायचं?" मी बाईंना फोन केला. त्या आता त्र्याऐंशीच्या आहेत. म्हणाल्या, "मला काय विचारता? ज्यांनी बसवलं त्यांना विचारा."

म्हणून शिल्प हलवायचे काम आणि तोंडाचा निर्णय धाकट्याचा. बाणाचा पत्रा पुरावा म्हणून सोबत जोडला आहे. ~~माझ्या मृत्यूनंतर~~ कलम सहा कारखान्यात सगळ्यांसमोर वाचावे.

मुलीने कीबोर्डवरचे हात काढले. "तुमच्या मृत्यूनंतर? बाबा, काकांनी सव्वीस वर्षं ऐकून घेतलं, आणि माफी मागायच्या वेळी तुम्ही हजरच नाही?"

"तू पुढे लिही."

"नाही लिहिणार."

हट्ट आईचा आहे. मी धाकट्याला फोन लावला.

८. हे कलम तीन दिवसांनी लिहीत आहे. वरचे दोन शब्द मी स्वतः खोडले आहेत. काल चहाच्या सुट्टीत कलम सहा मीच वाचून दाखवले. थोरला फिटर म्हणाला, "मालक, आम्हाला वाटलंच होतं."

आज धाकटा जिना चढून वर आला. केस पिकले आहेत, पण पावलांचा आवाज तोच. ये म्हटले, तर बसला नाही.

मी वकिलांना विचारले होते की त्याची सही साक्षीदार म्हणून घेऊ का. ते म्हणाले, साक्षीदाराला वाटा मिळत नाही. सही किंवा वाटा, एकच काहीतरी. मी दोन्ही त्याच्यापुढे ठेवले. "सही केलीस तर एवढंच नोंदलं जाईल की तू सगळं वाचलंस. मग माझं काहीएक घ्यायला नको. तेही मला मान्य आहे."

त्याने उभ्याउभ्या सगळे वाचले. प्राध्यापकांच्या कलमाला हसला. मग म्हणाला, "चूक आहे."

"कुठे?"

"हातमोजे क्रेनवाल्याला नव्हते दिले. तुझ्या अंगावर फेकले होते."

दुरुस्ती मान्य.

"आणि तोंड कुठे, हे मला विचारतोयस होय?"

"तुलाच."

"स्टॉपकडेच. लोकांनी उभं कुठे राहायचं?"

मी पेन पुढे केले. त्याने ते घेतले, बराच वेळ बोटांत फिरवले, मग टोपण लावून माझ्याकडे परत सरकवले.

"साक्षीदार दुसरा बघ, दादा. आणि या वेळी बाण मी मारणार."

त्यामुळे साक्षीदार दुसरे पाहिले.

ठिकाण: कारखान्याचे ऑफिस, पहिला मजला
तारीख: नऊ ऑक्टोबर, दुपारी साडेतीन

मृत्युपत्र करणार: सही

आम्ही दोघांनी यांना आमच्यासमोर सही करताना पाहिले. हात थरथरत नव्हता. आम्हाला यात कोणताही वाटा नाही.

साक्षीदार १: घरचे डॉक्टर, सही
साक्षीदार २: शेजारच्या रंगाच्या दुकानाचे मालक, सही (धाकट्यांनी खालून हाक मारली म्हणून आलो)