भेगेवरची काच

१ फेब्रुवारी

सोळा लाख चाळीस हजार! दोनदा वाचलं. मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा. आकडा तोच.

कंत्राटदार चकचकीत बूट घालून आला होता, हातात लाल ठिपका टाकून मोजमाप घेणारं यंत्र. माझ्या खोलीतली भेग खिडकीच्या कोपऱ्यातून निघून थेट छताला भिडलीय. तिच्याकडे बघून त्याने असं काही च् च् च् केलं, की वाटावं मयताला आलाय. "मॅडम, पाया खचतोय. ही बाजू उतरवायची आणि नवी उभी करायची." एवढं ऐकवून बाबांनी केलेला चहा प्यायला, आणि वर म्हणतो, साखर कमी आहे!

तो गेल्यावर बाबा कप विसळत म्हणाले, "बुटांचे पैसेही धरलेत त्याने."

२ फेब्रुवारी

आज दुसरा. हा तर गाडीतून उतरलाच नाही! काच खाली करून म्हणाला, "ताई, प्लास्टर फोडू, जाळी मारू, परत प्लास्टर. नव्वद हजार. उद्यापासून माणसं पाठवतो." अहो, निदान आत येऊन बघा तरी! "त्यात बघायचं काय?"

एकच भिंत. सोळा लाख आणि नव्वद हजार. कुणी तरी मला मूर्ख बनवतंय, पण दोघांपैकी कोण?

३ फेब्रुवारी

दादाला फोन केला. त्याचं उत्तर तयारच होतं. "तीन लाखांच्या आत बसत असेल तर अर्धे मी देतो. वर गेलं तर विकून टाकू. बाबा माझ्याकडे येतील, तू ऑफिसजवळ एखादी खोली बघ."

इतक्या सहज! जुनी सायकल भंगारात टाकायची असावी तसं. मी फोन स्पीकरवर ठेवला होता. बाबा शेजारीच मटार सोलत बसले होते. त्यांचे हात थांबले, मग परत चालू झाले.

फोटोफ्रेमच्या दुकानावर उभं केलंय त्यांनी हे घर. चाळीस वर्षं दुसऱ्यांचे फोटो काचेत बसवले. मागे दादाच्या आठव्या मजल्यावर महिनाभर राहायला गेले आणि चौथ्या दिवशी पिशवी घेऊन दारात हजर! आणि मी? सत्तेचाळिसाव्या वर्षी भाड्याची खोली शोधत फिरू? नाही. मला हे घर हवंय. दादाला बोलायला काय जातंय!

४ फेब्रुवारी

अर्ध्या दिवसाची रजा. शेजारणीने सुचवलेला गवंडी आला — सायकलवर, वेळेवर! मला तर हाच पहिला धक्का.

थापीच्या दांड्याने भिंत ठोकत, कान लावत हळूहळू सरकत गेला. आकडा विचारला तर म्हणाला, "भेग जिवंत आहे की जुनी, ते आधी कळू दे, ताई." पिशवीतून बोटभर लांब काचेची पट्टी काढली. भेगेवर आडवी धरली, दोन्ही टोकांना प्लास्टरचा एकेक गोळा थापला. एकावर पेन्सिलीने तारीख टाकली, दुसऱ्यावर डावा अंगठा दाबला. त्या अंगठ्याचा शेंडा कधीतरी मशीनमध्ये गेलाय, त्यामुळे ठसा अर्धाच उमटतो.

"तीन आठवडे थांबा. काच शाबूत राहिली, तर घर बसायचं तेवढं बसलंय. भेग भरू, मोकळे होऊ. तडकली, तर भिंत अजून हलतेय."

मी म्हटलं, अंगठा कशाला? "तारीख कुणीही लिहील."

बाबा चष्मा वर करून जवळ गेले. "दोन मिलीची काच. कडाही घासलेल्या नाहीत."

"मोडली तर मोडावी म्हणूनच लावलीय, आजोबा."

६ फेब्रुवारी

बाबांनी माझी खोली बळकावली! ऑफिसातून येऊन बघते तर माझी खाट आतल्या खोलीत, आणि त्यांची खाट माझ्या जागी, भिंतीला लावून. शेजाऱ्याला हाताशी धरून सगळा संसार हलवलेला. का, तर "इथे उजेड बरा येतो. पेपर वाचायला बरं पडतं." वीस वर्षं ओट्यावर बसून पेपर वाचला तो कुठल्या उजेडात?

भांडले. ढिम्म हलले नाहीत. त्यांच्या खोलीला मलमाचा वास, खिडकी एवढीशी, कपाटाचं दार रात्रंदिवस करकरतं. माणूस म्हातारपणी इतका आपमतलबी होतो? तोंडावर म्हटलं नाही. इथे लिहिते.

९ फेब्रुवारी

वायरमन आला. स्विचबोर्ड उघडला आणि कपाळावर हात मारला. "हे कुठल्या गाढवाने केलंय?" (हा प्रश्न मला आतापर्यंत प्रत्येकाने विचारलाय. आधीचा माणूस गाढव होता हे ठरल्याशिवाय कुणाचं कामच सुरू होत नाही.)

बाबा पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "तूच. बारा वर्षं झाली."

पठ्ठ्याने पुन्हा बोर्डात डोकं घातलं. "तसं काम मजबूत आहे म्हणा!" एकवीस हजार म्हणाला होता, अठरावर आला.

१३ फेब्रुवारी

काच शाबूत.

१७ फेब्रुवारी

प्लंबर चार दिवस "निघालोय, ताई" म्हणतोय. याचं घर आहे तरी कुठे? आज एकदाचा उगवला. खिडकीखालचा पाइप गळतोय म्हणे, पाणी वर्षानुवर्षं पायाशी मुरतंय. आणि आम्ही तिथे फुलझाडं जोमाने वाढतात म्हणून खूश!

सुतार खिडकीचे बावीस हजार घेईल. भेग नुसती भरायची असेल तर गवंडी, त्याची माणसं, सामान, रंग, सगळं धरून बेरीज दोन लाख पंच्याऐंशी हजार. तीनच्या आत! तीनदा मांडून पाहिली. आता सगळं त्या बोटभर काचेवर. रोज सकाळी बाबांच्या खोलीत डोकावते. ते माझ्या आधीच तिच्यासमोर उभे असतात.

२० फेब्रुवारी

बाबांच्या तर्जनीला चिंधी बांधलेली. म्हणे कांदा चिरताना कापलं. आजच्या भाजीत कांदा कुठे होता?

२३ फेब्रुवारी

दोन दिवस उरले. दादाला बेरीज सांगितली. "बरं, कर मग," म्हणाला. बाबांना सांगितलं तर नुसती मान हलवली. मला वाटलं होतं, पोरासारखे नाचतील.

२५ फेब्रुवारी

जसं आठवतंय तसं लिहिते.

गवंडी सकाळीच आला. मी हसत म्हटलं, बघा, शाबूत! तो काचेजवळ वाकला. मग आपला डावा अंगठा त्या ठशाशेजारी धरला.

"ताई, हा अंगठा माझा नाही."

ठसा पूर्ण होता. शेंड्यासकट. पेन्सिलीची तारीख तीच, सुबक अक्षरात. ते अक्षर मी ओळखते. फ्रेमच्या मागे गिऱ्हाइकाचं नाव घालणारं अक्षर! मी वळले. बाबा खाटेवर बसून जमिनीकडे बघत होते.

"किती वेळा?"

"सात."

खाटेखाली वर्तमानपत्राची पुरचुंडी. आत सात पट्ट्या, सगळ्या मधोमध तडकलेल्या. पहिली गवंड्याची, बाकीच्या बाबांनी कापलेल्या. गवंड्याने पेन्सिल भेगेत घातली. ती आत गेली! तो टेकू आणायला निघाला, आणि दारातून ओरडला, "या खोलीत कुणी पाऊल टाकायचं नाही!"

मी किंचाळले. आयुष्यात पहिल्यांदा बाबांवर किंचाळले. "भिंत अंगावर आली असती म्हणजे?"

"आठव्या मजल्यावर मी काय करू? आणि तू कुठे जाशील?" एवढंच म्हणाले.

दुकान बंद केल्यापासून घरात काचेचा तुकडा नव्हता. मग या सहा आणि भिंतीवरची सातवी कुठून आणली? त्यांनी दारातून बाहेरच्या खोलीतल्या भिंतीकडे पाहिलं. आईचा फोटो. रोज येता-जाता बघते मी तो! जवळ जाऊन बोट लावलं, तर बोट सरळ कागदावर टेकलं. आईच्या गालावर. काच नाहीच.

"काच कापायची हिरकणी अजून चालते," बाबा म्हणाले. "हातच चालत नाही." आणि चिंधी बांधलेलं बोट मुठीत लपवलं.

२६ फेब्रुवारी

टेकू लागले. हे काम तीन लाखांत बसत नाही, गवंडी म्हणाला. दादाला अजून कळवलेलं नाही.

जेवताना बाबांना विचारलं, पहिली काच कधी तडकली? म्हणाले, सहा तारखेला. सकाळी, मी ऑफिसला गेल्यावर.

आत येऊन या वहीची मागची पानं उलटली. ६ फेब्रुवारी. 'आपमतलबी.' अक्षर माझंच आहे.