डाव्या कोपऱ्यातला उजेड

३ मार्च
आले बाई एकदाची! चीनमधल्या ग्वांगडोंगच्या या डोंगराच्या पोटात तेलाने भरलेला आमचा प्रचंड गोळा आहे. किनाऱ्यावरच्या अणुभट्ट्यांतून निघालेले न्यूट्रिनो नावाचे सूक्ष्म कण खडक पार करून येतात आणि कधीमधी त्या तेलात एखादी ठिणगी पाडून जातात. त्यावरून त्यांच्या तीन प्रकारांच्या वजनांचा क्रम लावायचा. खऱ्या ठिणग्या ठेवून खोट्या फेकणारी संगणकातली चाळणी आखायचं काम माझं.

काम सुखरूप व्हावं म्हणून इथल्या रिवाजाप्रमाणे बोगद्याच्या तोंडाशी अख्खं भाजलेलं डुक्कर ठेवून उदबत्त्या लावल्या. टाकीवरचे तंत्रज्ञ क्वांगकाका मला म्हणाले, पोरी, नीट वाक, न्यूट्रिनो काय तुझी पदवी बघून येणारेत? पोट धरून हसले मी. एका भाताच्या वाटीत मात्र त्यांनी जेवायच्या काड्या उभ्या खोचल्या होत्या. तशा मेलेल्यांसाठी खोचतात. कुणासाठी, विचारलं, तर डुकराची कुरकुरीत साल माझ्या ताटात टाकून पुढच्या ताटाकडे वळले.

९ मार्च
माझ्या जागी आधी लुओ हायमिंग होता. नोकरी सोडून शेनझेनला गेला, असं आमच्या प्रमुख सितूबाई सांगतात.

गोळ्याभोवतीच्या पाण्याच्या टाकीत उतरताना आपला बिल्ला झाकणाजवळच्या खिळ्याला अडकवायचा. खिळा रिकामा दिसला की झाकण लावून पाणी सोडतात. क्वांगकाकांनी हे इतकं घोकून घेतलं की मी वैतागले.

१७ मार्च
इंधन बदलायला अणुभट्ट्या बंद आहेत. ठिणग्या कमी झाल्या. पडद्यावर पाण्याच्या टाकीच्या डाव्या खालच्या कोपऱ्यात मात्र उजेड. तीनदा लुकलुक, थांबून पुन्हा तीनदा.

सितूबाई म्हणाल्या, तिथली उजेड टिपणारी प्रकाशनळी बिघडली असेल, तो कोपराच चाळून टाक. परिषदेत आलेख स्वच्छ दिसायला हवा, आणि तुला कायम व्हायचंय ना? टाकला चाळून. आलेख काय देखणा झाला!

२० मार्च
हायमिंग ‘गेला’ त्या दिवसाची न चाळलेली नोंद काढली. तोच कोपरा. तीनदा, थांबून तीनदा. मग मंद. मग काहीच नाही.

क्वांगकाकांना धरलं, तर रडायलाच लागले. घाईत बिल्ला लावायचा राहिला होता त्याचा. आत बुडताना तो डोक्यावरचा दिवा नळ्यांना दाखवत होता, आणि त्याचीच चाळणी तो उजेड कचरा म्हणून फेकत होती. बाईंनी सगळ्यांची तोंडं बंद केली. शी! वर डुकराला नमस्कार करतात मेले. मग आता कोण लुकलुकतंय, असं विचारलं. काका उठून निघून गेले.

२१ मार्च
कायम झाल्याचं पत्र मिळालं. चाळणी तशीच ठेवली.

२३ मार्च
दुरुस्तीला टाकी रिकामी केलीय. ती नळी बघायला उतरले. बाईंना कळू नये म्हणून बिल्ला खिशातच ठेवला.

नळी ठणठणीत आहे.

झाकण पडलं. ओरडतेय, कुणी ऐकत —

पाणी. गुडघ्यापर्यंत आलं. दिवा नळ्यांपुढे धरलाय. तीनदा. थांबून तीनदा. वर सगळं उमटत असणार. फक्त हा कोपरा —

दुसऱ्या टोकाला जायला हवं. तिथला उजेड मी फेकत नाही. पाऊल उचललं तर घोट्याला कुणीतरी —

पाण्याखालून दिवा. तीनदा.

सोड रे हायमिंग. वर गेले की आधी ती चाळणी —